साकेत नगरचं अंगण आणि ओव्हरसियर बाई

ओव्हरसियर बाईंबरोबर रिक्षानं कुठं जायचं म्हणजे वेळेवर पोचण्याची आशा सोडावी लागे. वाटेत कुठं जुनं घर पाडत असतील, फुटपाथ उखडत असतील, नुसता दगडमातीचा ढीग जरी रस्त्याकडेला दिसला, तरी बाई रिक्षावाल्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायच्या. "भैया, जरा रोकना." मग सुती साडीचा पदर खोचून, कॅनव्हासचे बूट जपून टाकत त्या थेट ढिगापर्यंत जात आणि तिथं जो कोणी मुकादम असेल त्याला विचारत, "ये कहाँ जा रहा है?" उत्तर बहुतेक वेळा एकच असे. "भरती में, मैडम." म्हणजे कुठला तरी खड्डा बुजवायला. बाई परत येऊन रिक्षात बसत आणि पुढचा चौक येईपर्यंत मान वळवून त्या ढिगाकडेच बघत राहत. बिट्टन मार्केटच्या हाटात आम्ही भाजीला म्हणून निघालो आणि पोचेपर्यंत पालेभाज्या संपल्या होत्या, असं निदान तीनदा तरी झालं असेल.

त्यांचं नाव निर्मला, पण ते फक्त पेन्शनच्या कागदांवर होतं. वडील नागपूरला सरकारी कचेरीत कारकून. राज्यांची फेररचना झाली, कचेऱ्या भोपाळला हलल्या, आणि त्यांच्याबरोबर हे कुटुंबही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आलं. बाई तेव्हा जेमतेम शाळेत जाऊ लागल्या होत्या. पुढं त्यांनी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून लागल्या. नंतर पदाचं नाव बदललं, हुद्दा वाढला, त्या निवृत्त झाल्या, तरी मिस्त्री-मजुरांच्या तोंडी ओव्हरसियर बाईच राहिल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "बदल्या फार व्हायच्या." त्यांच्या बोलण्यात नागपूरचं 'करून राहिली' आणि भोपाळची हिंदी अशी मिसळून गेली होती की त्यांना स्वतःलाही कुठला शब्द कुठला ते सांगता आलं नसतं.

आमची ओळख झाली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि माझं स्वतःबद्दलचं मत फार चांगलं होतं. माझे आईवडील मूळचे इंदूरचे, वडील इथल्या कॉलेजात शिकवायला आले आणि इथलेच झाले. मी बाहेर आर्किटेक्चर शिकून परतले होते आणि एका छोट्या ऑफिसात काम करत होते. साकेत नगरमध्ये मोठ्या इस्पितळापासून जवळच एका ट्रस्टनं रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी विश्रामगृह बांधलं होतं. इमारत पुरी झाली होती, अंगण बाकी होतं. लांबलांबच्या खेड्यांतून आलेली माणसं त्या अंगणात धुणी वाळत घालायची, जेवायची, इस्पितळातून बोलावणं येण्याची वाट बघत बसायची, आणि चार सरी पडल्या की सगळा चिखल. कंत्राटदाराला तिथं सिमेंटचे पेव्हर ब्लॉक घालायचे होते. मी मात्र ट्रस्टच्या बैठकीत पडद्यावर तक्ते दाखवत 'एम्बॉडिड कार्बन' या विषयावर पाऊण तास बोलले. सचिव एक निवृत्त डॉक्टर होते. ते शांतपणे ऐकत होते, म्हणजे मला तसं वाटलं. कोपऱ्यात एक बारीकशा बाई मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. ट्रस्टनं त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं. बैठक संपल्यावर त्या माझ्यापाशी आल्या.

"मराठी आहेस ना? मग आता हेच मराठीत सांग. इंग्रजीत सगळंच खरं वाटतं."

मी जरा अडखळत सांगितलं, "कुठलीही वस्तू बांधकामात येण्याआधीच तिच्यापायी हवेत धूर गेलेला असतो. खाणीतून काढताना, भट्टीत भाजताना, ट्रकनं आणताना. इमारत वापरताना वीज किती लागेल तेवढंच लोक बघतात. हा आधीचा धूर कुणी बघत नाही. तो कमी करायचा."

"बरं. आणि तुझ्या नकाशात दगड कुठला आहे?"

"राजस्थानातला. सिमेंटपेक्षा पुष्कळ बरा."

"तो इथवर चालत येणार आहे काय?"

बाईंनी पिशवीची नाडी ओढली. "आमच्या वेळी सिमेंट परमिटवर मिळायचं. नव्हतं, म्हणून आम्ही जुनी फरशी काढून पुन्हा लावत होतो. आता आहे, म्हणून लावत नाही. एवढाच फरक. तू नाव चांगलं सांगितलं त्याचं. उद्या सकाळी सातला तयार रहा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं जुन्या सरकारी क्वार्टरांच्या रांगा पाडायचं काम चाललं होतं. छपरं उतरली होती, भिंती अर्ध्या होत्या, पण मधलं मोठं सामाईक अंगण अजून शाबूत होतं. गंजबासौद्याकडच्या वालुकाश्माच्या मोठमोठ्या फरश्या, फिकट गुलाबी, काही पिवळसर, पन्नासेक वर्षं माणसांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या. बाई त्यांच्यावरून हळूहळू चालत गेल्या.

"हे मी घातलंय," त्या म्हणाल्या. "नोकरीचं दुसरं वर्ष होतं."

मला वाटलं, आता त्या जुन्या आठवणी सांगतील. पण त्या भिंतीलगतच्या दोन ओळींपाशी थांबल्या आणि बुटाच्या टोकानं दगडावर टकटक केलं. त्या फरश्यांचे पापुद्रे सुटले होते.

"या दोन ओळी घेऊ नको. हा माल कच्चा होता, मला दिसत होतं. वरचे साहेब घाई करून राहिले होते, उद्घाटन होतं. मी सही करून टाकली." मग अंगणाकडे हात केला. "बाकीचं चांगलं आहे. मी घातलं म्हणून नाही, चांगलं आहे म्हणून घे."

पाडकामाचा ठेका सलीमभाई नावाच्या गृहस्थांकडे होता. ते खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. दगड कुणाला हवा असेल हे त्यांना नवीनच होतं. तो फोडून भरतीला जायचा होता. सरकारी परवानगीचा कागद आणलात तर खुशाल न्या, म्हणाले, "लेकिन सोमवार को मशीन आएगी, बाईजी. फिर मेरे हाथ में नहीं." त्या दिवशी गुरुवार होता. बाई तिथूनच कचेरीत गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता तिथं वरच्या जागेवर होता. तो खुर्चीतून उठून उभा राहिला तेव्हा मला कळलं, की परवानगी मिळणार. दुपारी चारला परवानगीचा कागद आणि ट्रस्टचा होकार, दोन्ही आमच्या हातात होते.

खरी अडचण दौलतराम मिस्त्रीची होती. तो साकेत नगरच्या कंत्राटदाराचा माणूस, कामाचा पक्का, पण गेली पंधरा-वीस वर्षं त्यानं पेव्हर ब्लॉकशिवाय काही बसवलं नव्हतं. फरश्या बघून त्यानं कपाळाला हात लावला. "मैडम, ब्लॉक तो मैं चार दिन में बिछा दूँ. इसमें महीना जाएगा. हर पत्थर अलग है."

"तुम्हारे पिताजी क्या करते थे?" बाईंनी विचारलं.

"पत्थर का ही काम करते थे."

"तो तुमने बचपन में देखा होगा. बस, याद करना है."

शुक्रवारी सकाळी दौलतराम घरून दोन पहारी आणि वडिलांच्या छिन्न्यांचं गाठोडं घेऊन आला. तीन दिवस तो आणि त्याचे मजूर एकेक फरशी पहारीनं हलकेच उचकटत होती. मी उत्साहानं रंगांप्रमाणे थप्प्या लावून घेतल्या. गुलाबी एकीकडे, पिवळ्या एकीकडे. बाई दुपारी डबा खाऊन आल्या, थप्प्यांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "साड्या लावून राहिली काय? जाडीनं लाव, पोरी. रंग वरून दिसतो, जाडी पायाला कळते." सगळ्या थप्प्या मोडून पुन्हा लावाव्या लागल्या. सोमवारी सकाळी मशीन फाटकातून आत येत होतं तेव्हा आमचा शेवटचा ट्रक बाहेर पडत होता.

साकेत नगरला काम सुरू झालं. खाली गिट्टी, म्हणजे खडी, वर रेती, आणि रेतीवर फरशी. सिमेंट नाही. दौलतरामला ते पटेना. सिमेंटनं पक्कं करू, हलणार नाही, असं तो दर दोन दिवसांनी सुचवायचा. बाईंचं म्हणणं एकच असे, "निकलना चाहिए." आज आपण कुणाच्या तरी अंगणातून ती काढून आणू शकलो, कारण कुणी ती चिकटवली नव्हती. पन्नास वर्षांनी इथं दुसरं काही करायचं ठरलं, तर त्या माणसालाही ती काढता आली पाहिजे. पुढच्या माणसाचा असा विचार करणारं मी तोवर कुणी पाहिलं नव्हतं. आमच्या शिक्षणात इमारत पूर्ण झाली की फोटो काढायचे आणि निघायचं.

अर्धं अंगण झालं आणि ते फार देखणं दिसू लागलं. बायका येऊन बसू लागल्या. ऑफिसात माझं कौतुक झालं. आणि मग एका सकाळी मला ट्रस्टच्या सचिव डॉक्टरांचा फोन आला, की लगेच या.

विश्रामगृहात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला त्याचा मुलगा चाकाच्या खुर्चीतून इस्पितळात तपासणीला नेत होता. खुर्चीचं पुढचं लहान चाक दोन फरश्यांमधल्या फटीत अडकलं. खुर्ची पुढं कलली आणि म्हातारा हातावर पडला. हाड मोडलं नव्हतं, पण हनुवटीला टाके पडले होते, मनगट सुजलं होतं. मुलगा फार चिडला होता आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. डॉक्टरांनी तिथंच बैठक बोलावली. ते मोठ्यानं बोलत नव्हते, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "पुराने पत्थर का शौक अपने घर में कीजिए," ते मला म्हणाले. "यहाँ बीमार लोग आते हैं. सब निकलवाइए और टाइल लगवाइए."

मला बचाव तयार करण्याइतकाही वेळ मिळाला नव्हता, तरी मी तोंड उघडलं. दौलतरामनं रेती नीट दाबली नसेल, असं काहीसं मी म्हणणार होते. आजही ते आठवलं की माझी मान खाली जाते. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहब, गलती मेरी है. न मिस्त्री की, न इस लड़की की. फट किती सोडायची ते मी ठरवलं." बोलता बोलता त्या मराठीत आल्या आणि पुन्हा हिंदीत गेल्या. जुन्या अंगणात बायका धुणं वाळवायच्या, पोरं खेळायची, तिथं तेवढी फट चालत होती. इथं चाकं येणार, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. "मैंने पत्थर को देखा, आदमी को नहीं देखा. मुझे आठ दिन दीजिए. नहीं हुआ, तो टाइल आप लगवाइए, मैं खुद खड़ी रहकर लगवाऊँगी."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आठ दिन," ते म्हणाले.

बैठकीतून उठून बाई सरळ त्या म्हाताऱ्याच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. सगळे त्याला दद्दा म्हणत. खाटेवर उशांना टेकून बसला होता. छाती खोल गेलेली, दर चार शब्दांनी थांबून श्वास घ्यायचा. बाईंनी हात जोडून माफी मागितली. दद्दाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यानं विचारलं, "पत्थर बासौदे का है न?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?" मी मराठीतच विचारून बसले.

त्याचा मुलगा बोलला. दद्दांनी तीस वर्षं त्याच बाजूच्या खाणीत काम केलं होतं. दगडाची बारीक धूळ छातीत बसली होती. त्यासाठीच ते दर काही महिन्यांनी इथं येत. त्यांच्या बरोबरीचे बहुतेक जण राहिले नव्हते.

दद्दा म्हणाला, "पुराना लगाया, अच्छा किया." मग श्वास घेऊन, "नया निकालने में... आदमी भी लगता है."

खिडकीतून अंगण दिसत होतं. बाहेर आल्यावर बाई व्हरांड्यात थांबल्या. "तुझ्या त्या तक्त्यात हे कुठं लिहितात?"

"लिहीत नाहीत, बाई."

"मग तक्ता अर्धा आहे."

त्या दुपारी बाईंनी विश्रामगृहाची एक रिकामी खुर्ची मागवली, स्वतः तिच्यात बसल्या आणि मला म्हणाल्या, "ढकल." मी त्यांना झालेल्या अंगणातून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. जिथं जिथं हिसका बसेल तिथं त्या हात वर करायच्या आणि दौलतराम खडूनं खूण करायचा. चारपाच फेऱ्यांत तेवढं सगळं अंगण पांढऱ्या खुणांनी भरून गेलं. बाईंची कंबर दुखत असणार, कारण उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं फरशीवर उभी राहून काम बघितलं. बसून कधी बघितलं नव्हतं."

सांधे घट्ट करायचे तर कडा नव्यानं घडवायला हव्या होत्या, आणि दौलतरामनं घडवलेल्या कडा एकमेकींना भिडेनात. दुसऱ्या दिवशी मुलानं दद्दाला बाहेर आणून सावलीत बसवलं. तो तासभर नुसता बघत होता. मग त्यानं दौलतरामला बोटानं जवळ बोलावलं. फरशीची कड खाली सरळ उतरवू नकोस, वरच्या काठापासून खाली जाताना जरा आतल्या बाजूला कापत जा. मग वरचा काठ वरच्या काठाला चिकटतो आणि खाली रेतीला जागा राहते. हे सगळं त्यानं तळहातावर तळहात तिरका ठेवून दाखवलं. दौलतरामनं एक कड तशी करून बघितली आणि शेजारच्या फरशीला लावली. मध्ये नखही जाईना. "बाबूजी ऐसे ही करते थे," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला.

तो दुसऱ्या कडेला छिन्नी लावणार तोच दद्दाचा आवाज चढला. तेवढ्यानंही त्याला खोकल्याची उबळ आली. "सूखा मत काटो. पहले पानी. पहले पानी डालो."

तेव्हापासून आमच्या कामावर कोरडा दगड घडवला गेला नाही. बाईंनी बादल्या आणवल्या, सगळ्यांच्या नाकातोंडावर ओली फडकी बांधायला लावली. दौलतरामला त्या फडक्याचा उबग येई. पण दद्दा समोर बसलेला असे, आणि त्याच्यासमोर ते खाली ओढायचं धाडस कुणाला झालं नाही.

आठ दिवसांत काम झालं नाही, अकरा लागले. नवव्या दिवशी डॉक्टर काम बघून गेले, पण त्यांनी ते थांबवलं नाही. फाटकापासून दारापर्यंत चाकांसाठी सगळ्यात सपाट फरश्यांची एक वाट आम्ही काढली होती. बाकी अंगणात फरशी थोडी खडबडीत चालणार होती, म्हणजे पावसाळ्यात पाय घसरणार नाही. बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टर पुन्हा आले आणि दद्दाच्या मुलाला म्हणाले, "आज मैं ले जाता हूँ." त्यांनी स्वतः खुर्ची धरली. दारापासून फाटकापर्यंत ते चालत गेले, तिथं खुर्ची वळवली, परत आणली. आम्ही तिघं ओळीत उभे होतो, परीक्षेचा निकाल ऐकायला मुलं उभी असतात तसे.

"दद्दा, कैसा लगा?" डॉक्टरांनी विचारलं.

दद्दानं जरा विचार केला. "नींद आ रही थी."

डॉक्टर हसले. टाइलचा विषय पुन्हा निघाला नाही. नंतर मी मोजदाद केली, माझी सवयच ती. त्या अंगणापायी हवेत गेलेला धूर म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला आलेले ट्रक, रेती आणि गिट्टी, एवढाच होता. पेव्हर ब्लॉकच्या मानानं तो फारच थोडा. मी तो तक्ता बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि खाली पेन्सिलनं एक ओळ घातली. 'पाणी टाकून दगड घडवला.' म्हणाल्या, "आता पूर्ण झाला असं नाही. पण सुरुवात झाली."

पुढची तीन वर्षं आम्ही पुष्कळ ठिकाणी एकत्र हिंडलो. प्रत्येक वेळी दगड मिळाला असं नाही. कधी परवानगीला उशीर झाला, कधी फरश्या सिमेंटनं अशा चिकटवलेल्या की काढताना चुरा झाला. एका ठिकाणी मालकानं सगळं ठरवून ऐनवेळी ग्रॅनाइट आणलं. मी चिडले, बाई चिडल्या नाहीत. "तो तरी काय करेल, त्याच्या शेजाऱ्याकडे ग्रॅनाइट आहे," म्हणाल्या. पण दोन घरांची अंगणं झाली, एका दवाखान्याची ओसरी झाली. दौलतरामकडे आता लोक नाव घेऊन येऊ लागले होते. दद्दा दुसऱ्या वर्षी गेला. त्याच्या मुलानं फोन करून सांगितलं, आणि बाईंनी त्याला पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटी आईकडे कोण बघतं, इथपर्यंत.

मग बाईंचे गुडघे त्यांना जिने चढू देईनात. धाकटी बहीण नागपूरला होती, तिनं आग्रह केला. त्याच सुमारास मला बेंगळुरूच्या एका मोठ्या ऑफिसाकडून बोलावणं आलं होतं. काचेचे उंच मनोरे बांधणारं ऑफिस. माझा निर्णय होत नव्हता, आणि मला मनातून वाटत होतं, की बाईंनी मला थांब म्हणावं. त्यांचं सामान बांधायला गेले होते तेव्हा मी विषय काढला. त्या भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"मी काही सांगणार नाही."

"का?"

"मी सांगितलं म्हणून राहिलीस, तर पुढच्या उन्हाळ्यात साइटवर उभी राहून मला शिव्या देशील. गेलीस, तरी देशील. तुझं तू ठरव." मग कढई माझ्या हातात दिली. "ही नीट गुंडाळ. हिला कान आहेत."

स्टेशनवर दौलतराम बायकोला घेऊन आला होता. तिनं पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करून आणली होती. गाडी सुटायच्या आधी मी बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि दौलतरामला म्हणाल्या, "इसका ध्यान रखना." मग मला, "याच्याकडे लक्ष ठेव." दोघांनाही एकच काम देऊन त्या गेल्या.

मी राहिले. त्यामागं मोठा विचार होता असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या सोमवारी भोपाळच्याच बरखेडा भागातल्या एका मुलींच्या शाळेचं काम सुरू होणार होतं. पाण्याची नवी पाइपलाइन टाकताना जवळच्या रस्त्याचा जुना दगडी फुटपाथ निघाला होता, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकांना तो प्रार्थनेच्या पटांगणासाठी हवा होता. ते काम ज्याच्या हाती सोपवून जावं, असं मला कुणी सापडलं नाही. ते होईपर्यंत बेंगळुरूची मुदत संपून गेली.

त्या पटांगणाच्या शेवटच्या ओळी राहिल्या होत्या तेव्हा नागपूरहून बाईंच्या बहिणीचा फोन आला. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, तशाच गेल्या. त्रास काही झाला नाही. मी फोन ठेवून दौलतरामला सांगितलं. त्यानं हातातला हातोडा खाली ठेवला, तोंडावरचं फडकं सोडलं आणि बादलीतल्या पाण्यात धुऊन पिळलं. मग म्हणाला, "आज बंद रखें?"

मी पटांगणाकडे बघितलं. दोन ओळी उरल्या होत्या. शाळेला तीन दिवसांची सुट्टी होती, ती त्या दिवशीच संपत होती.

"नहीं," मी म्हटलं. "पूरा करते हैं."

मी साडीचा पदर खोचला आणि रेती पसरायला बसले. दौलतराम कड घडवायचा, मी लेव्हल धरायची. मध्येच तो एकदा म्हणाला, "मुझसे कभी ऊँची आवाज़ में नहीं बोलीं." मी मान हलवली. उन्हं कलली तेव्हा शेवटची फरशी बसली. त्यानं तिच्यावर चारी बाजूंनी पाय देऊन बघितलं. हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर जाऊन फाटकापाशी उभी राहिले. घंटा झाली आणि निळ्या गणवेशातल्या मुली लोंढ्यानं आत आल्या. कुणी वेणीची रिबन बांधत होती, कुणी मैत्रिणीच्या वहीतून घाईघाईनं काही उतरवून घेत होती, दोघी कशावरून तरी भांडत होत्या. सगळ्या त्या पटांगणावरून धावत आपापल्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. एकीनंही खाली बघितलं नाही. फरशी नीट बसली, की अशीच विसरली जाते. मी प्रार्थना संपेपर्यंत थांबले आणि मग दौलतरामला फोन करून सांगितलं, की सगळं ठीक आहे.